खड्ड्यात फक्त हेल्मेट दिसत होतं

जुळे सोलापुरातल्या एका गल्लीत ड्रेनेजची लाईन टाकायचं काम चाललं होतं. जेसीबीनं चर खणून ठेवला होता आणि आत एक माणूस पाईपचा जॉइंट बसवत होता. रस्त्यावरून त्याचा चेहरा दिसत नव्हता, दिसत होतं ते पिवळं हेल्मेट, तेही काठाच्या वीतभर खाली. काठाला चिकटूनच उकरलेल्या मातीचा ढीग होता, माझ्या छातीएवढा. ढिगापलीकडे जेसीबी धडधडत उभा.

उमेदीची वर्षं साइटवर घालवल्यामुळे मला अशा ठिकाणी गप्प बसवत नाही. मुकादमाला म्हणालो, “ओ मालक, माती जरा लांब टाकायला पाहिजे होती की.”

“काय होत नाही ओ सर,” तो म्हणाला. “आमी रोज करतोय. आनि हेल्मेट घालूनच उतरवलंय की त्याला.”

तो टाळाटाळ करत नव्हता. त्याला जेवढी सुरक्षा शिकवली होती, तेवढी त्यानं पाळली होती. कामाचा फोटो वर पाठवायचा असतो आणि फोटोत हेल्मेट दिसावं लागतं. पण त्या चरात वरून विटेचा तुकडा पडण्याची भीती फारशी नव्हतीच. भीती होती ती बाजूची माती ढासळण्याची. आणि ढासळत्या मातीपुढे हेल्मेट म्हणजे पुरात उघडलेली छत्री.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली एक कामाच्या जागेवरच्या सुरक्षेची आहे. तेव्हापासून ‘जोखीम मूल्यांकन’, ‘सुरक्षा नियंत्रणं’ असे शब्द कानावर यायला लागलेत. घर बांधायला काढलेल्या माणसाला ते परग्रहावरचे वाटतात. तसं काही नाही. एक विहीर डोळ्यांसमोर आणली की बरंचसं कळतं.

धोका, जोखीम आणि एक विहीर

शेतातली उघडी विहीर हा धोका. तिच्यात कुणी पडण्याची शक्यता किती आणि पडलं तर काय होईल, हे दोन्ही मिळून जो अंदाज निघतो ती जोखीम. भर माळावरची विहीर आणि शाळेच्या वाटेवरची विहीर सारख्याच खोल असतील, तरी दुसरीची जोखीम कितीतरी मोठी. धोका वस्तूत असतो, जोखीम माणूस तिच्याजवळ आला की सुरू होते.

आता या विहिरीचं काय काय करता येईल? पाणी आटलेलं असेल तर बुजवून टाकता येईल. धोकाच संपला. पाणी हवंच असेल तर विहिरीऐवजी बोअर घेता येईल. मोठा माणूस त्यात पडणार नाही. (लहान मूल पडू शकतं, म्हणून बोअरला टोपण लागतं. एका धोक्याला पर्याय शोधला की दुसरा मागच्या दारानं येतो, तोही बघावा लागतो.) विहीर तशीच ठेवायची असेल तर तिला कठडा बांधता येईल, वर जाळी टाकता येईल. तेही नसेल तर पाटी लावता येईल, पोरांना दम देता येईल. आणि अगदीच काही नाही, तर आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधता येईल.

या पाच उपायांनाच सुरक्षेच्या भाषेत नियंत्रणांची उतरंड म्हणतात: धोका काढून टाकणं, पर्याय शोधणं, बांधीव अटकाव, नियम आणि शिस्त, आणि शेवटी अंगावरची साधनं. शब्द फार नेमका आहे. आजीच्या घरातली उतरंड आठवा: सगळ्यात मोठं मडकं तळाशी, सगळ्यात लहान टोकाला. हेल्मेट, बूट, हातमोजे, कमरेचा पट्टा हे टोकाचं लहान मडकं. आपण बहुतेक ठिकाणी तेवढंच आणून ठेवतो आणि त्याला उतरंड म्हणतो.

क्रम असा का? कठडा अंधारात काम करतो, घाईत करतो, उतरणारा तापानं फणफणला असला तरी करतो. पाटी फक्त वाचणाऱ्यासाठी काम करते. दोर फक्त बांधणाऱ्यासाठी, तोही नीट बांधला तर. टोकाकडे जावं तसा उपाय माणसाच्या लक्षावर अधिकाधिक अवलंबून राहतो. आणि मे महिन्यात सोलापूरच्या चाळिशीपारच्या उन्हात दुपारी तीन वाजता कुणाचं लक्ष कितीसं शाबूत असतं?

जास्त जोखमीचं काम कुठलं?

ऑस्ट्रेलियात कायद्यातच यादी दिली आहे. दोन मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडण्याची शक्यता, दीड मीटरपेक्षा खोल चर, भार पेलणारी भिंत पाडणं, बंदिस्त जागेत उतरणं, चालू विजेजवळचं काम, अशी. यातलं काहीही करायच्या आधी ते कसं करणार हे लिहून काढणं तिथं सक्तीचं आहे. आपल्याकडे हेच विषय १९९६ च्या, आता नव्या संहितेत सामावलेल्या, बांधकाम कामगार कायद्याच्या नियमांत, राष्ट्रीय इमारत संहितेत आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमावलीत विखुरलेले सापडतात. गंमत म्हणजे चराचा दीड मीटरचा आकडा दोन्हीकडे आहे. मातीला देश कळत नाही.

यादीतली चार-पाच कामं आपल्या गल्लीत रोज चालतात. त्यातल्या चराकडे आधी परत जाऊ.

काळी माती आणि कापलेली वडी

वडी थापून सुरीनं कापली की कड किती सुबक दिसते. पण आत भेग असली तर उचलताना कोपरा तुटतोच. जेसीबीच्या बकेटनं कापलेली मातीची भिंतही अशीच गुळगुळीत आणि भक्कम दिसते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाणी लागलं की फुगते. वर काळी, खाली मुरूम, असे थर असले तर दोघांची पकड वेगळी. त्यात शहरातल्या गल्लीत शेजारीच जुना चर बुजवलेला असतो, पाण्याची किंवा केबलची लाईन टाकताना खणलेला. ती भरावाची माती कधीच मूळ मातीइतकी घट्ट नसते. एखादी जुनी पाईप झिरपत असेल तर मग बघायलाच नको.

एक मीटर लांब, रुंद आणि उंच एवढ्या मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. दोन लहान मोटारी एकावर एक ठेवल्यासारखं. आणि माणूस पुरता गाडला जायची गरज नसते. माती छातीपर्यंत आली की पुरे. श्वास सोडताना छाती आत जाते, ती रिकामी झालेली जागा माती घेते आणि पुढचा श्वास घ्यायला जागा उरत नाही. डोकं बाहेर असलं तरी. डोक्यावर हेल्मेट असलं तरी.

आता उतरंड लावून बघा. पहिला प्रश्न: माणूस आत उतरायलाच हवा का? लहान व्यासाच्या प्लॅस्टिक पाईपचे जॉइंट बऱ्याचदा वर, रस्त्यावर करून पूर्ण लांबी खाली सोडता येते. उतरायलाच हवं असेल तर चराच्या भिंती सरळ न ठेवता उतरत्या किंवा पायऱ्यापायऱ्यांच्या कापायच्या. तेवढी रुंदी गल्लीत नसेल तर दोन्ही बाजूंना फळ्या लावून मध्ये वासे ठोकायचे किंवा लोखंडी पेटी उतरवून तिच्या आत काम करायचं. दीड मीटरच्या पुढे यातलं काहीतरी हवंच. उकरलेली माती काठापासून निदान दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यातलं जे जास्त असेल तेवढी लांब. ढिगाचं वजन काठाला खाली ढकलत असतं, म्हणून हे अंतर. चर सव्वा मीटरच्या आसपास गेला की शिडी, दर तीस मीटरला एक. मशीन काठापासून दूर. रोज सकाळी आणि पाऊस पडून गेल्यावर काठाला नवी भेग पडली का ते पाहायचं, मगच माणूस उतरवायचा. आणि हो, हेल्मेट.

मी पाहिलं त्या चरात यातलं फक्त शेवटचं होतं.

खोदकामाचा धोका चरातच राहतो असंही नाही. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात बांधकामाशेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर संरक्षक भिंत कोसळली. पंधरा माणसं गेली. त्यातलं कुणी त्या वेळी ‘जोखमीचं काम’ करत नव्हतं. ती झोपलेली होती.

स्लॅबखालचे एकोणतीस टन

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब घ्या. ओल्या काँक्रीटचं वजन होतं जवळपास २९ टन. भरलेल्या सहाचाकी ट्रकच्या दीडपट. आणि ओतताना ते स्वतःचं वजन अजिबात पेलत नाही. सगळा भार खालच्या सेंट्रिंगवर, म्हणजे प्लेटा आणि त्यांना टेकू दिलेल्या बल्ल्या किंवा लोखंडी जॅक यांच्यावर.

इथे धोका कुठं लपतो ते सांगतो. बल्ली एका लांबीची नसते, म्हणून दोन तुकडे खिळ्यांनी जोडतात. खाली जमीन ओली असते, म्हणून बल्लीखाली वीट ठेवतात. बल्ल्यांना आडवे वासे बांधायचे असतात, ते ‘ये-जा करायला अडतात’ म्हणून सोडून देतात. प्रत्येक गोष्ट एकटी बघितली तर क्षुल्लक. पण बल्ली सरळ उभी असेल तर भार पेलते. किंचित वाकली की तोच भार तिला आणखी वाकवतो. पत्त्यांच्या बंगल्यात एक पत्ता घसरला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सेंट्रिंग काढायची घाई हा दुसरा धोका. प्लेटा भाड्याच्या असतात, दुसऱ्या साइटवर माणसं वाट बघत असतात. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक ४५६ आहे, त्यात यासाठी दिवस दिलेले आहेत. खांबा-बीमांमधला गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. बीमखालचे सहा मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. हे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटसाठी. दुकानात हल्ली बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं, ते ताकद जरा सावकाश धरतं, म्हणून थोडं आणखी थांबावं.

पट्टा बांधला, तरी जमीन गाठली

तीन मीटरवरून, म्हणजे एका मजल्यावरून पडलेला माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो. वेग ताशी २८ किलोमीटर. दहा मीटरवरून ताशी ५०. सावरायला वेळच नसतो.

म्हणून पट्टा, म्हणजे पूर्ण अंगाचा हार्नेस. चांगली गोष्ट आहे. पण त्याचा हिशेब करा. दोरी साधारण पावणेदोन-दोन मीटर. पडताना धक्का कमी व्हावा म्हणून तिच्यातली घडी उलगडते, ती आणखी दीड-पावणेदोन मीटर. पाठीच्या कडीपासून पायांपर्यंत माणूस दीड मीटर. शिवाय पायांखाली थोडी राखीव जागा. बेरीज जाते सहा मीटरच्या आसपास. आता हाच पट्टा पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर, पायाशी बाहेर आलेल्या सळईला अडकवला असेल तर? खाली जागाच तीन मीटर. पट्टा बांधलेला माणूस जमिनीवर आपटेल आणि नंतर दोरी ताणली जाईल. दोरी आखूड हवी आणि ती डोक्यावर, भार पेलणाऱ्या गोष्टीला बांधायला हवी. आणि माणूस लटकला तर त्याला काही मिनिटांत खाली कोण उतरवणार, हेही आधी ठरलेलं हवं. पायांतलं रक्त पायांतच अडकलं की लटकणं जिवावर बेततं.

त्यापेक्षा परांचीला सलग फळ्या, कमरेएवढा कठडा आणि खाली पायपट्टी लावणं कितीतरी साधं. लिफ्टच्या उघड्या डक्टला पहिल्याच दिवशी बंद जाळी. उतरंडीत हे तिसरं मडकं, पट्टा पाचवं.

आणि पहिलं मडकं बघायचं असेल तर सोलापूरकरांनी जून २०२३ आठवावा. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी तेव्हा पाडली. पाडावी की नाही यावर शहर दुभंगलं होतं, त्यात मी शिरत नाही. तेवढ्या उंचीवर माणसं चढवून ती तुकड्यातुकड्यानं फोडली नाही, काही सेकंदांत आडवी केली, हा मला इथं महत्त्वाचा मुद्दा. माणूस वर गेलाच नाही तर पडणार कुठून?

बारा मीटरची सळई, सव्वा मीटरचं अंतर

११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या तारेपासून इमारत आडव्या अंतरात किमान १.२ मीटर दूर हवी, असा नियम आहे. प्लॅन त्याप्रमाणे मंजूर होतो. पण हे अंतर बांधून झालेल्या इमारतीसाठी ठीक आहे. सळई बाजारातून येते १२ मीटर लांब. गच्चीवर दोघं ती उचलून वळवतात तेव्हा तिचं टोक कंपाउंड ओलांडून कधी जातं, ते मधल्या माणसाला कळतही नाही. तारेवर कवच नसतं. कित्येकदा स्पर्शही व्हावा लागत नाही, फार जवळ गेलं की वीज उडी मारते.

यावर ‘जपून रे’ असं ओरडणं हा उपाय नव्हे. सळई खालीच कापून वर न्या. वर लांब सळई लागणारच असेल तर महावितरणकडे अर्ज करून तेवढ्या वेळापुरती लाईन बंद करून घ्या, किंवा काम सुरू व्हायच्या आधीच तार हलवून घ्या. खर्च येतो, हेलपाटे पडतात, खरं आहे. साइटच्या बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच मात्र हेलपाट्याविना बसतो. मिक्सर, व्हायब्रेटर, कटर यांच्या सोललेल्या वायरींपासून तो वाचवतो. वरच्या ११ केव्हीपासून वाचवत नाही, एवढं लक्षात असू द्या.

चेंबरमध्ये दुसरा माणूस का मरतो

ही गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगायला मला आवडत नाही. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सडलेल्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास थांबला की माणसाला वाटतं हवा आली, आणि तिथंच घात होतो. हवेत प्राणवायू एरवी २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली उतरणं असुरक्षित मानतात. हे नाकाला कळत नाही, काडी पेटवून बघणं तर मूर्खपणा, कारण आत पेट घेणारा मिथेनही असू शकतो. मोजायला गॅस डिटेक्टरच लागतो.

पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो. भाऊ असतो, मेव्हणा असतो, गाववाला असतो. म्हणून एकाच चेंबरमध्ये दोन-तीन जण जातात. सुरक्षा साधनांविना माणसाला गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. इथं पहिलंच मडकं वापरा: मशीननं करा. माणूस उतरवूच नका.

कागदानं काय होतं?

मोठ्या कामांवर तीन गोष्टी असतात. एक, काम कसं करणार याचा लेखी आराखडा: टप्पे, प्रत्येक टप्प्याचा धोका, त्यावरचा उपाय आणि जबाबदार माणसाचं नाव. दोन, परवाना: खोदकाम, उंची, बंदिस्त जागा यांसाठी त्या दिवसापुरती सही. तीन, सकाळची दहा मिनिटांची उजळणी: आज काय करायचं, कुठं जपायचं.

सही करून फाईलला लावला तर कागदानं काही होत नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळून वीस जण गेले. एवढ्या मोठ्या कामावर कागदांची वानवा असेल असं मला वाटत नाही.

कागद कसा जिवंत होतो ते सोलापूरला मी सांगायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. एवढी उंच काठी तोल सांभाळत गर्दीतून न्यायची. “जपून धरा हो” एवढं सांगून कुणी ती कुणाच्या हातात देतं का? आधी कितीतरी दिवस सराव चालतो. मार्गातल्या तारा, फांद्या, खड्डे आधी बघून ठेवतात. कोण कुठं धरणार, थकल्यावर कोण बदली येणार, सगळं ठरलेलं असतं. हा आराखडाच आहे, फक्त कागदावर नाही, अंगात भिनलेला. साइटवर तेवढं कुठून येणार, म्हणून लिहायचं.

आणि उजळणी त्या माणसांच्या भाषेत हवी. आपल्याकडे एकाच स्लॅबवर मराठी गवंडी, कन्नड बोलणारे बिगारी, तेलुगू बोलणारा सुतार आणि हिंदीवाले फिटर असतात. मी एकदा मराठीत झकास भाषण ठोकलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर एकाला विचारलं, काय कळलं? तो म्हणाला, “चाय कब आयेगा?” तेव्हापासून मी उलटं करायला लागलो: तूच सांग, आज इथं काय काय होऊ शकतं? उत्तरं ऐकून कधी कधी मलाच घाम फुटायचा.

“इतकी वर्षं असंच करतोय, काही झालं नाही”

जुळे सोलापुरातल्या त्या चरातही काही झालं नाही. संध्याकाळी पाईप पडला, माती लोटली, गल्ली मोकळी झाली. मुकादम बरोबर ठरला, आणि उद्याचा चर तो असाच खणणार. प्रत्येक वेळी वाचल्यावर आपण कौशल्यानं वाचलो असं माणसाला वाटतं. सिग्नल तोडून रोज घरी पोचणाऱ्याला विचारा, तोही हेच सांगेल.

“कामगारच घालत नाहीत, मालकानं काय करायचं?”

हे निम्मं खरं आहे. उन्हात हेल्मेटमध्ये डोकं शिजतं, बूट चावतात, पट्टा अडकतो. मी स्वतः काढून ठेवलेलं आहे, उगाच साळसूदपणा कशाला. पण म्हणूनच तर हे टोकाचं मडकं. कठडा घालावा लागत नाही, तो असतो. कामगार ऐकत नाही अशी तक्रार ज्या साइटवर जास्त, तिथं बघा, ऐकायची गरज पडू नये असं फार थोडं केलेलं असतं. शिवाय बसेल त्या मापाचं हेल्मेट द्या, एप्रिल-मेमध्ये उन्हातलं काम सकाळी लवकर उरका, दुपारी सावली आणि पाणी द्या. हेही नियंत्रणच आहे.

“परवडत नाही”

बांधीव उपायांना पैसे लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. अडचण अशी की ते पैसे कुठंच धरलेले नसतात. चौरस फुटाचा दर ठरवताना वाळू, सिमेंट, सळई, मजुरी सगळं मोजतात. परांचीचा कठडा आणि चराच्या फळ्या कुणी मोजत नाही. मग त्या ठेकेदाराच्या नफ्यातून जाणार आणि तो त्या लावणार नाही. सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम देताना त्यानं काय काय गाळलंय, हे मालकानं विचारलेलं मी क्वचित ऐकलंय. दर ठरतो तेव्हाच अर्धी सुरक्षा ठरून जाते.

“माझं तर साधं घर आहे, मला कायदा लागतो का?”

बहुधा नाही, आणि गोम इथंच आहे. १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या राहण्यासाठीच्या, दहा लाखांपर्यंतच्या घराला सूट होती. नव्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली. मोठ्या साइटवर अडीचशे कामगार झाले की सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या घरावर आठ-दहा माणसं असतात आणि बघणारं कुणी नसतं. पण स्लॅबचं वजन कायद्याची मर्यादा बघून कमी होत नाही.

कामगाराच्या बाजूनं एक गोष्ट मात्र करता येते. सूट नसलेल्या बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो आणि त्यातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ योजना चालवतं. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलेलं असेल तर नोंदणी होते. तुमच्या घरी काम करणाऱ्या गवंड्याला, बिगाऱ्याला नोंदणी आहे का विचारा. नसेल तर दिवसांच्या दाखल्यापुरती मदत करा. अपघातानंतर धावपळ करण्यापेक्षा हे सोपं आहे.

माझ्या मावसबहिणीचं घर कुंभारी रस्त्याला झालं. स्लॅब पडल्यावर सहाव्या दिवशी सकाळी ठेकेदाराची माणसं सेंट्रिंग काढायला हजर. प्लेटा दुसरीकडे हव्या होत्या. मधला गाळा पाच मीटरचा. तिनं मला फोन केला, मी चौदा दिवस सांगितले. ती शाळेत गणित शिकवते. ठेकेदार म्हणाला, “ताई, आतापर्यंत शंभर स्लॅब टाकलेत, एक पण पडला नाही.” तिनं विचारलं, “शंभरही सहाव्या दिवशीच काढले का?” तो गप्प. मग म्हणाला, आठ दिवसांचं प्लेटांचं भाडं जास्तीचं पडेल. तिनं वही काढली आणि म्हणाली, “सांगा किती, लिहून घेते.”